ठशातली करंगळी

धाकट्याने सकाळी कारखान्याची खिडकी उघडली आणि रोजच्यासारखा पहिला राग दिव्यावर काढला. लेथवरचा दिवा उजवीकडेच होता. उजव्या हाताने टूल धरणाऱ्याला दिवा डावीकडे लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते, यात समजायला कठीण असं काही नाही. त्याने तो आजवर कितीदा तरी डावीकडे वळवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बघावं तर स्वारी पुन्हा उजवीकडे. बाबांना विचारलं तर बाबा म्हणायचे, "माझ्या दिव्याला कशाला हात लावतोस?" हात थरथरायला लागल्यापासून बाबा लेथवर बसलेच नव्हते, तरी दिवा त्यांचा. धाकट्याने वाद घालणं सोडून दिलं होतं. मान वाकडी करून, सावली चुकवत तो पेनं कातायचा, आणि संध्याकाळी मान अशी धरायची की बायको म्हणायची, तू आता कायमचा शेजाऱ्यांच्या खिडकीकडेच बघत राहणार.

कारखाना म्हणायचं एवढंच. घरामागची एक लांबट खोली, तिच्यात एक लेथ, घासून चकाकी आणायचं एक बफाचं चाक, आत्याचं निबांचं टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, काळ्या-तपकिरी दांड्या. दांडी कातायला घेतली की गंधकाचा वास सुटायचा. तो घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना लागायचा, उशांना लागायचा, आणि सुनेच्या म्हणण्याप्रमाणे चहालाही लागायचा. या घरातल्या माणसांना तो वास येईनासा झाला होता. बाहेर राहून परत येणाऱ्यालाच तो कळायचा.

आज धाकटा दिव्यावर जरा जास्तच चिडला, त्याला कारण होतं. आज ताई येणार होती.

ताई म्हणजे डावरी. थोरली, डावखुरी, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आधी रागाने ठेवलं, मग सवयीने, मग कौतुकाने, फक्त ते कौतुक त्यांनी कधी तोंडावर येऊ दिलं नाही. पोर डाव्या हाताने टूल धरते हे बघून त्यांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. पुढे तिच्या हातची पेनं निघायला लागली तसा कपाळावरचा हात गुपचूप खाली आला. टोपण फिरवत नेलं की शेवटच्या आट्याला जे हलकंसं 'टक' व्हायचं, ते बाबांनंतर फक्त तिच्या पेनांना जमलं. बाबांचे हात जायला लागल्यावर घरातून बाहेर पडणारं प्रत्येक पेन तिचंच होतं. पण लोक म्हणायचे बाबांचं पेन, आणि पेनावर तर कुणाचंच नाव नसायचं. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं: पेन ज्याचं त्याचं, आपली जाहिरात त्याच्या खिशात कशाला?

मग तो वकिलाचा प्रसंग झाला. तो घरात कुणी काढत नसे आणि कुणी विसरतही नसे. डावरीने एका पेनाच्या तळाशी सुईने एक बारीक तिरकी रेघ कोरली होती. नाव नाही, अक्षर नाही, नुसती रेघ. पेन न्यायला आलेल्या वकिलाने ती पाहिली आणि सहज विचारलं, हे काय? बाबांनी पेन हातात घेतलं. "ओरखडा पडलाय," ते म्हणाले. "देतो घासून." आणि तिच्या देखत पेन बफाच्या चाकावर धरलं. चाक फिरत होतं तोवर ती उभी होती. थांबलं तेव्हा नव्हती. काही दिवसांतच ती दूरच्या एका शहरात पितळी नळांचे भाग कातायला लागली. अधूनमधून आत्यासाठी तिचा फोन यायचा. फोन वाजला की बाबा उठून बाहेर जायचे आणि खिडकीखालीच उभे राहायचे.

जाताना ती एक खणभर पेनं मागे ठेवून गेली होती. कातलेली, घासलेली, आत्याने निब बसवला की झालं अशी. फडक्यांत गुंडाळलेल्या त्या पेनांना कुणी शिवत नव्हतं. अपवाद सुनेचा. इतकी देखणी पेनं करणारी माणसं ती विकायची वेळ आली की चोरीचा माल असल्यासारखी का लाजतात, हे तिला या घरात आल्यापासून कळलं नव्हतं. तिने त्या खणातलं एक पेन काढलं, आत्याला पटवून निब बसवून घेतला आणि राजधानीतल्या एका मोठ्या दुकानाकडे पाठवून दिलं. सोबत धाकट्याची दोन. दुकानवाल्याचा फोन आला. दोन चांगली आहेत, म्हणाला, पण हे तिसरं, असं आणखी आहे का? पुढच्या काचेच्या कपाटात मांडतो. अट एकच, पेनावर करणाऱ्याची खूण पाहिजे.

जो राहिला त्याची पेनं 'चांगली', जी गेली तिची 'आणखी' हवीत. धाकट्याला ते लागलं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, आणि ताईला बोलावून घ्यायचा फोनही त्यानेच केला.

खुणेचं बाबांकडे काढायची मात्र कुणाची छाती नव्हती. शेवटी आत्याने काढलं. ती बाबांची मोठी बहीण. पोरांची आई गेल्यावर तिने हे घर अंगावर घेतलं होतं, आणि बाबा जगात कुणाला भीत असतील तर तिला.  बाबा म्हणाले, "ठसा मीच करतो." सगळे बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून पोलादाचा एक तुकडा, काही बारीक कानशी, छिन्न्या आणि एक भिंग घेऊन ते आतल्या खोलीत दार लावून बसू लागले. हात थरथरू नये म्हणून मनगट फडक्याने टेबलाच्या कडेला बांधून घेत. काय चाललंय ते बघायची कुणाला परवानगी नव्हती. आत्याने फटीतून बघायचा प्रयत्न केला, तर तिला फक्त पाठ दिसली.

*

डावरी दारातून आत आली आणि वास नाकात शिरला. तिला एकदम खाली बसावंसं वाटलं. इतकी वर्षं पितळेच्या किसात काढली, पण पितळेला असा वास नाही. तिने पिशवी हातातच ठेवली. पिशवी खाली ठेवली तर आपण राहायला आलो असं वाटेल, तिला स्वतःलाच.

वाटभर तिने एकच गोष्ट घोकली होती. खण मागायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची. ती पेनं नेऊन करायचं काय, हे तिने ठरवलं नव्हतं. भाड्याच्या खोलीत तिच्याकडे लेथ नव्हता, निब नव्हते. पण धाकट्याने फोनवर सांगितलेला बाबांचा ठसा त्यांच्यावर बसू द्यायचा नाही, एवढं पक्कं होतं. आणि त्या पक्क्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, जे ती गाडीत खिडकीबाहेर बघताना स्वतःशी कबूल करून बसली होती. तिला बाबांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. ही पेनं तू केलीस. बस. तेवढं म्हणाले तर खण राहू दे इथेच, वर हवा तो ठसा मारा.

आत्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, वाळलीस म्हणाली, मग जाडही झालीस म्हणाली. आत्याला दोन्ही एकाच दमात म्हणता येत असे. सुनेने पाणी दिलं. या दोघी फोनवर फक्त एकदोनदा बोलल्या होत्या, तरी सून तिच्याकडे असं बघत होती जणू पेनांवरून तिची जुनी ओळख आहे. धाकटा हसला, मान एका बाजूला धरून. बाबा कारखान्यात होते.

बाबा उठले नाहीत. "प्रवास बरा झाला?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. ते बारीक झाले होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता, म्हणजे थरथर दिसू नये, आणि नेमकी तीच गोष्ट तिला आधी दिसली. मग तिची नजर लेथकडे गेली. दिवा उजवीकडे होता, डाव्या हाताला लागतो तसा, ती ठेवून गेली होती तसाच. म्हणजे यांनी लेथला हातही लावलेला दिसत नाही, तिला वाटलं. धाकटा कुठे कातत असेल कोण जाणे. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

चहा झाला. सुनेने दुकानाची सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता, न विचारता पेन काढलं त्याची माफीही मागितली. धाकट्याने मध्येच दुकानाचा पत्ता, काचेचं कपाट, रस्त्यावरची वर्दळ असली माहिती पुरवली. कुणी ऐकत नव्हतं. सगळे डावरी काय म्हणते याची वाट बघत होते.

ती म्हणाली, खण माझा आहे. मी तो न्यायला आलेय.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने हळूहळू बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता आवाज चढला. तो म्हणाला की गेली सगळी वर्षं हे घर आपण रेटतोय, आत्याचे डोळे, बाबांचे हात, भिंतीची गळती, सगळं, आणि आता कुठे दार जरा उघडतंय तर ताई येऊन ते लावून घेणार. सून नवऱ्याच्या बाजूने बोलेल असं सगळ्यांना वाटलं. तिने ताईंचं बरोबर आहे असं म्हणून त्याला तोंडघशी पाडलं. वस्तू ज्याने केली त्याला विचारल्याशिवाय तिच्यावर दुसऱ्याची खूण मारायची, हे तिला पटत नव्हतं. आत्या उलट डावरीवर घसरली: नेऊन करणार काय, नळात बसवणार? आणि तेवढ्याच दमात भावाकडे वळली. तू रे, एवढं सगळं तुझ्यापायी चाललंय आणि तू मिठाची गुळणी धरून बसलायस.

डावरीला वाटलं होतं की ती ओरडेल. प्रत्यक्षात तिचा आवाज अगदी बारीक आला.

"बाबा, मला एकच सांगा. खणातली पेनं कुणाची आहेत?"

"घराची," बाबा म्हणाले.

"घराला हात असतात का?"

आत्याने डोळे मिटून घेतले. बाबा उठले. एक हात भिंतीला लावत आतल्या खोलीत गेले. गेले, संपलं, असं सगळ्यांना वाटलं. धाकटा खण उघडायला वाकलाही. त्याला आता भांडायचं नव्हतं. ताई नेते तर नेऊ दे, पण जाताना हसून जाऊ दे, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला तिची किती आठवण येत होती हे त्याला तेव्हा, फडक्यांची ती ओळखीची गाठ दिसल्यावर कळलं.

बाबा परत आले. हातात लाकडी मूठ बसवलेला ठसा होता, पुढचं टोक फडक्यात गुंडाळलेलं.

"आधी बघून घे," ते म्हणाले. "मग ने."

*

तिने खणातलं एक पेन काढून दिलं. तपकिरी, फिकट लाटा उमटलेलं. आपण हे कधी कातलं होतं ते तिला आठवलं. त्या दिवशी बाबा शिट्टी वाजवत होते. एकच, ती म्हणाली. नाही पटलं तर बाकीची घेऊन जाईन, आणि हेही.

बाबांनी पेन लाकडाच्या खोबणीत आडवं ठेवलं, स्पिरिटचा दिवा लावला आणि ठसा ज्योतीवर धरला. एबोनाइट गरम झालं की मऊ पडतं. कमी तापलेला ठसा उमटत नाही, जास्त तापलेला पेन जाळतो, आणि टेकवताना हात एवढासा जरी हलला तरी रेघा दुहेरी येतात. हे सगळं खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून बाबांचा हात ज्योतीवरून पेनाकडे निघाला तेव्हा कुणी श्वास घेतला नाही. हात थरथरत होता. ठशाचं टोक हवेत लहान लहान गोल काढत होतं. धाकटा पुढे झाला, बाबांनी नुसत्या नजरेने त्याला मागे सारलं.

डावरी बघत राहिली. तिला राग धरून ठेवायचा होता. पण कारागिराला दुसऱ्याचा हात चुकताना बघवत नाही, आणि हा हात तर तिला टूल धरायला शिकवणारा. तिने विचार करायच्या आत तिचा डावा हात पुढे गेला आणि तिने बाबांचं मनगट धरलं. हाडं लागली. थरथर तिच्या हातात शिरली आणि तिथे थांबली. दोघांनी मिळून ठसा टेकवला, दाबला, उचलला.

बाबांनी खडूची पूड अंगठ्याने त्या खळग्यात भरली आणि जास्तीची पुसून टाकली.

पांढऱ्या रेघांत एक हात उमटला होता. मूठ अर्धी मिटलेली, बोटांत पेन. चारपाच रेघांचंच काम, पण हात म्हणजे हातच. आत्या चष्मा सरकवत वाकली आणि तिच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं.

तो डावा हात होता.

सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्याने डावरीच्या पाठीवर थाप मारली, मग दुसरी मारली. म्हणजे दार लावून हे चाललं होतं तर, ती म्हणाली, आणि मी उगीच याला शिव्या घालत होते.  डावरी पेन हातात घेऊन उजेडाकडे वळली होती.

भिंगाशिवाय बाबांना जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले, आणि चूक त्यांना कळली.

त्यांनी आपलाच हात काढला होता. उजवा. रोज सकाळी आधी तो समोर टेबलावर ठेवून नीट बघून घेतला होता, आणि मग त्याच हाताने पोलादात उतरवला होता. पेनाची गोलाई लक्षात ठेवून ठशाचं तोंड खोलगट घासलं होतं, टाकाऊ तुकड्यावर दाबून खोली तपासली होती. तपासली म्हणजे अंगठा फिरवून, जन्मभर तपासत आले तशी. अंगठा म्हणाला होता, ठीक आहे. पण ठशातलं चित्र उलटं काढावं लागतं, हे ज्याने जन्मात एकही ठसा केला नव्हता त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. साधा रबरी शिक्का करणारं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. उजवा काढला, डावा उमटला.

आणि त्यांच्या हेही लक्षात आलं की दुसऱ्या कुणाचा हात काढावा हे आपल्याला सुचलंसुद्धा नव्हतं. तिला दाखवायला निघालो ते आपलाच हात घेऊन. हा तुला शिकवणारा हात, असं काहीसं मनात होतं. आता पेनावर जे दिसत होतं तेच काढायला हवं होतं, हे समजायला त्यांना ते चुकून उमटावं लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पोरीची इतकी आठवण आली की ती समोर उभी आहे हेच क्षणभर विसरायला झालं.

धाकट्याला चूक तेव्हाच कळली होती. तो कारागीर होता आणि सरळ माणूस होता, आणि सरळ माणसांना कुठे गप्प बसावं ते नेमकं कळत नाही. त्याने ठसा उचलून बघितला. बाबा, म्हणाला, हा उलटा आलाय. तुम्ही उजवा काढलाय. आत्याने त्याच्या पायावर पाय दिला, तरी त्याने वाक्य पुरं केलं. आजच्या आज दुसरा करू, तो म्हणाला, आणि हे एक पेन काय, चाकावर धरलं की ठसा निघून जाईल. ताईच्या हातून पेन घ्यायला त्याने हात पुढे केलासुद्धा.

"नको," बाबा म्हणाले. "एकदा घासलं तेवढं पुरे."

 धाकट्याचा हात पुढे होता तसाच राहिला.

"तो ओरखडा नव्हता," बाबा म्हणाले. ते लेथकडे बघून बोलत होते. "मला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. पेनं तुझीच होती, सगळीच. ठसा बरोबर आलाय."

डावरीने पेन डोळ्यांजवळ नेलं. धाकट्याने सांगायच्या कितीतरी आधी तिला कळलं होतं. तिने ते पहिल्या नजरेतच पाहिलं होतं, कारण उमटलेल्या हाताची करंगळी वाकडी होती. बाबांची करंगळी तरुणपणी लेथमध्ये सापडून वाकडी झाली होती, आणि लहानपणी ती त्या करंगळीला धरूनच रस्त्याने चालायची. बाजू तिची होती, करंगळी त्यांची. असा हात जगात कुणाचा नव्हता. आपल्यासाठी तो काढलेला नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि तो आता कुणी काढून टाकणार नाही, हेही.

"करंगळी तुमची आलीय, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी खाली बसून हात मांडीखाली घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "तेवढी राहू दे माझी."

मग तिला रडू आलं. ती लपवायच्या भानगडीत पडली नाही. आत्या म्हणाली, चला, आता कुणीतरी चहा करा, मला उभं राहवत नाही. चहा करायला कुणीच गेलं नाही, आणि आत्याही उभीच राहिली.

*

पिशवी केव्हा खाली ठेवली हे डावरीला आठवलं नाही. दुपारभर काम चाललं. बाबा ठसा तापवून द्यायचे, ती डाव्या हाताने दाबायची, सून खडू भरायची आणि आत्या निब बसवता बसवता सगळ्यांच्या चुका काढायची. खणातली पेनं संपली तेव्हा डावरीने धाकट्याकडे त्याची पेनं मागितली. तो नको म्हणाला. हात तुझा, करंगळी बाबांची, त्यात माझी पेनं कशाला? तिने त्याच्या एका पेनाचं टोपण फिरवलं, कानाशी धरून ऐकलं, पुन्हा फिरवलं. 'टक' झालं, थोडं उशिरा, पण झालं.

"इतक्या वाईट उजेडात आटे इतके बरे कसे पडतात तुझे?" तिने विचारलं. "दिवा तरी हलवायचास."

"मी हलवतो," धाकटा म्हणाला. "रोज. बाबा परत तिकडे ठेवतात."

तिने बाबांकडे बघितलं. बाबा स्पिरिटच्या दिव्याची वात नीट करत होते. ती नीटच होती. सकाळी दारातून येताना आपण काय समजलो होतो ते डावरीला आठवलं. तिने धाकट्याच्या पेनांवरही ठसा मारला, एकेक, सावकाश, आणि तो नको म्हणाला नाही.

ती राहणार नव्हती. तिला नोकरी होती, दोन मैत्रिणींबरोबर घेतलेली खोली होती, आणि इतक्या वर्षांत तिथे थोडंफार मूळही धरलं होतं. राहा असं कुणी म्हटलं नाही. आत्याच्या ओठांवर आलं होतं, पण सुनेने तिचा हात दाबला. ये म्हणजे झालं, सून म्हणाली. दुकानवाल्याला आणखी हवीत, आणि लेथ काही पळून जात नाही. येईन, डावरी म्हणाली. कधी ते तिने सांगितलं नाही, कारण तिलाच माहीत नव्हतं.

निघताना ती पुन्हा कारखान्यात गेली. लेथवरचा दिवा धरून तिने डावीकडे वळवला आणि त्याचा स्क्रू घट्ट केला. बाबा दारात उभे होते.

"त्याला इकडून लागतो," ती म्हणाली. "मान बघा त्याची काय झालीय."

बाबांनी मान डोलावली. ती वाकून पाया पडेल असं त्यांना वाटलं, पण तिने त्यांची ती करंगळी धरली, एवढंच, आणि फाटकापर्यंत त्यांना तशीच घेऊन गेली. ती वळणाआड जाईपर्यंत बाबा तिथेच उभे होते. नंतरही उभे होते. सुनेने दोनदा हाक मारली तेव्हा आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने कारखान्याची खिडकी उघडली. दिवा उजवीकडे होता.

त्याचा हात नेहमीप्रमाणे दिव्याकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला. स्टूल थोडं तिरकं ओढलं, मान एका बाजूला केली, आणि दांडी लावून लेथ सुरू केला.